पाहुणे छंदाचे, मुक्काम बिलोलीचा



“बिलोलीत बघण्यासारखं आहे काय?” हा प्रश्न बाहेरचा माणूस क्वचितच विचारतो. आपणच विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतो. पाहुणा आला की त्याला नांदेडचा गुरुद्वारा, बासरचं सरस्वतीचं देऊळ, फार तर देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं दाखवायची, की आपली जबाबदारी संपली. आज मी ज्या प्रवासाबद्दल बोलणार आहे, त्यात हा प्रश्न फारसा कुणी विचारतच नाही.

कल्पना साधी आहे. एका गावात एखाद्या छंदाची दहा-बारा माणसं असतात. कुणी पक्षी बघतात, कुणी सायकली चालवतात, कुणी जुनी नाणी जमवतात, कुणी भजन करतात. ही मंडळी दुसऱ्या गावच्या त्याच छंदाच्या मंडळींकडे तीन-चार दिवस जातात. लॉज नाही, टूर कंपनी नाही. उतरायचं सभासदांच्या घरी, जेवायचं त्यांच्या पंगतीला, आणि दिवसभर दोघांनी मिळून तोच छंद करायचा. पुढच्या वर्षी यजमान पाहुणे होतात आणि पाहुणे यजमान.

हे परदेशातून आलेलं काही आहे असं वाटत असेल, तर गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहाऱ्यांची वाटणी होते. आपल्या गावची टाळकरी माणसं रात्रंदिवस पुरत नाहीत. मग शेजारच्या गावची भजनी मंडळी टेम्पोत बसून येते, दोन तासांचा पहारा करते, पंगतीला बसते आणि परत जाते. महिन्याभराने त्यांच्या गावी सप्ताह बसला की आपली मंडळी तिकडे निघते. नाही गेली, तर पुढच्या बाजारच्या दिवशी कुणीतरी हटकतोच, “तुमचे लोक काही आले नाहीत बुवा.” कुठं करार नाही, पावती नाही, पण येण्याजाण्याचा हिशेब पक्का असतो. छंदाच्या देवाणघेवाणीच्या सहलीला लागते ती सगळी व्यवस्था या सप्ताहात आहे.

हीच गोष्ट जगात इतरांनी मोठ्या प्रमाणावर केली. 1949च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांतात जावं, तिथल्या घरात राहावं, तिथली भाषा शिकावी, हा तिचा गाभा. पुढे एस. एन. सुब्बराव यांच्या शिबिरांतून हजारो मुलं परक्या भाषेच्या घरांत राहून आली. अमेरिकेत 1977 साली वेन स्मिथ यांनी ‘फ्रेंडशिप फोर्स’ सुरू केली. तिच्यामागे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर उभे होते. एका शहरातला क्लब दुसऱ्या देशातल्या क्लबाला घरी बोलावतो, ही तिची पद्धत आजही चालू आहे. रोटरीचा ‘फ्रेंडशिप एक्स्चेंज’ही तसाच. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना तर हे सांगायलाच नको. इकडून गायक, नाटकवाले दौऱ्यावर गेले की मंडळातल्याच कुणाच्या तरी घरी त्यांची पथारी पडते.

पण आपल्याला जवळचं आणि अनुकरण करण्यासारखं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, ते पक्षिमित्रांचं. 1981 साली लोणावळ्याला राज्यातले पक्षी पाहणारे पहिल्यांदा एकत्र आले आणि त्यातून महाराष्ट्र पक्षिमित्र संघटना उभी राहिली. तिचं संमेलन एका जागी बसलेलं नाही. दरवेळी एखाद्या गावची स्थानिक संस्था आमंत्रण देते आणि राज्यभरातले पक्षिमित्र आपापली दुर्बीण घेऊन तिथं जातात. यात आयएएस अधिकारी असतो आणि झेडपीच्या शाळेतला मास्तरही असतो. दिवस उजाडायच्या आत दोघेही एकाच तळ्याच्या काठी चिखलात उभे राहतात. कोण कुठल्या हुद्द्यावर आहे याची तिथं कुणाला पडलेली नसते. समोरचं बदक नकटा आहे की थापट्या, यावर मात्र हिरिरीने वाद चालतो. तळ्याच्या गावात बघण्यासारखं काय आहे, असं यातला एकही जण विचारत नाही.

आता आपल्या तालुक्याकडे अशा माणसाच्या नजरेने बघा. गोदावरी आणि मांजरा यांचा संगम आपल्या हद्दीला लागून, कंदकुर्तीला आहे. धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याची दारं उघडी ठेवावी लागतात, आणि त्यानंतर पाणी अडवता येतं. म्हणजे ज्या दिवसांत उत्तरेकडून चक्रवाक आणि स्थलांतरित बदकं उतरतात, नेमकं त्याच दिवसांत नदीत पाणी थांबलेलं असतं. आपल्याला हा दोन राज्यांचा पाण्याचा तंटा म्हणून माहीत आहे, पण पक्षी बघणाऱ्यासाठी ते सहलीचं वेळापत्रक आहे. शिवाय हा सगळा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आणि त्या संस्थानातल्या पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी 1931-32च्या सुमारास खुद्द सालिम अलींनी केली होती. पुण्या-मुंबईच्या पक्षिमित्राला एवढं सांगितलं तरी तो धर्माबादचं तिकीट काढायला निघेल.

दुसरी गंमत शेतात आहे. पौषात ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे येतात. मध्य आशियाकडून आलेला हा गुलाबी-काळा पक्षी शेकड्यांनी एकदम उठतो, हवेत वळतो आणि पुन्हा कणसांवर बसतो. पाहुणा दुर्बिणीतून ते बघत वहीत आकडे लिहितो, आणि शेताचा मालक मचाणावर उभा राहून हातातली गोफण फिरवतो. पाहुणा म्हणतो, “अहो दादा, हा पक्षी तिकडे टोळ खातो, नाकतोडे खातो, शेतकऱ्याचा मित्र आहे.” मालक म्हणतो, “तिकडं खात असंल. इथं माझी जवारी खातोय.” आता यात चूक कुणाची? दोघेही बरोबर आहेत. माझ्या मते अशी दहा मिनिटं हे या सहलीचं खरं उत्पन्न आहे. हॉटेलात उतरलेल्या पर्यटकाला ती मिळत नाहीत, कारण त्याची मचाणावरच्या माणसाशी गाठच पडत नाही.

सगळंच सुंदर दाखवायचं नाही, हेही सांगतो. वाळूच्या उपशाने मांजरेच्या पात्राचं जागोजाग काय झालंय ते आपल्याला माहीत आहे. पाहुण्याला तिकडून वळसा घालून नेऊ नका. नदीसुरय नावाचा पक्षी वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. वाळू गेली की त्याचं घर गेलं. जाणत्या पाहुण्याने हे आपल्या पोरांना नदीकाठी उभं राहून सांगितलं, तर आपल्या दहा भाषणांपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

आता आखणीचं बोलू. इथं बहुतेक मंडळं एकाच ठिकाणी घसरतात, ते म्हणजे सत्कार. पाहुणे आले की बॅनर लागतो, बॅनरवर पाहुणे सोडून बाकी सगळ्यांचे फोटो येतात. अकराचा कार्यक्रम एकला सुरू होतो, कारण प्रमुख अतिथी वाटेत असतात. मग शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, आभार. पहाटे पाचला उठून नदीवर जायला आलेला माणूस खुर्चीवर डुलक्या घेतो. माझं स्पष्ट मत आहे की या सहलींत सत्कार नकोच. फारच राहवत नसेल, तर निघताना घरच्यांनी दिलेला धर्माबादच्या मिरचीचा पुडा त्याहून मोठा आहे.

पाहुण्यांची संख्या बाराच्या वर जाऊ देऊ नका. घरटी दोन म्हटलं तरी सहा घरं लागतात, आणि सहा चांगली घरं मिळवणं किती अवघड आहे ते कामाला लागल्यावरच कळतं. बारा पाहुणे आणि आपले चार वाटाडे एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतात. संख्या वीसवर गेली की दुसरी गाडी येते, दुसरी गाडी आली की दोन गट पडतात, आणि दोन गट पडले की संध्याकाळी रुसवे सुरू होतात.

घर ठरवताना घरच्या बाईला आधी विचारा, मग घरच्या पुरुषाला. आपल्याकडे उलटं होतं. दादा बैठकीत ऐटीत “दोन पाहुणे माझ्याकडं” म्हणून येतात आणि तीन दिवस भाकरी थापते ती वहिनी, जिला पाहुणे कोण, कशाला आलेत, हेही धड माहीत नसतं. म्हणून सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचा मुक्काम तेवढा घरी ठेवा. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र, पैसे देऊन, गावातल्या एखाद्या बचतगटाकडून करून घ्या. आणि वहिनींना छंदाची आवड असेल तर गाडीतली एक जागा त्यांची. संडास कोणत्या पद्धतीचा आहे, आंघोळीला गरम पाणी मिळेल का, तिखट किती असतं, हे पाहुण्यांना आधीच फोनवर सांगून टाका. संकोचापायी न बोललेली गोष्टच नंतर तक्रार होऊन येते.

पैशाचा नियम छोटा आहे. येण्याजाण्याचा खर्च पाहुण्याचा, मुक्कामाचा आणि घरच्या जेवणाचा यजमानाचा. गाडी, दुपारचं जेवण आणि किरकोळ खर्चाची सगळ्यांनी सारखी वर्गणी काढायची. एकाच माणसाकडे वही द्या आणि निघायच्या आदल्या रात्री ती सगळ्यांसमोर वाचा. नफा काढायचा नाही. नफा काढलात की तुमचं मंडळ राहत नाही, टूर कंपनी होते, आणि पाहुणाही मग गिऱ्हाईकासारखं बोलायला लागतो. परदेशी पाहुणा घरी ठेवणार असाल, तर तो आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. हे काम विसरण्यासारखं नाही. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरावर ते आधीच सोपवा.

वेळ म्हणाल तर मधला डिसेंबर ते जानेवारीअखेर. सोयाबीन घरात आलेलं असतं, हरभरा आणि ज्वारी उभी असते, थंडी असते, हुरडा असतो. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा लागतात आणि अर्धी घरं बंद होतात. उन्हाळ्याचं तर नावच काढू नका. दिवसातली दुपार मोकळी ठेवा. झोपू द्या त्यांना. संध्याकाळी बिलोलीची सतराव्या शतकातली दगडी मशीद निवांत दाखवा, कॅमेरेवाले असतील तर उन्हं उतरायच्या आत. एक दिवस सगरोळीचा ठेवा. 1959 पासून तिथं संस्कृती संवर्धन मंडळाने शाळा आणि शेतीचं काम उभं केलं आहे, कृषी विज्ञान केंद्रही आहे. बागकामाचा किंवा बियाणं जमवण्याचा छंद असलेला पाहुणा तिथून लवकर हलणार नाही.

पहिली देवाणघेवाण कुणाशी करावी? लोक लगेच पुण्याचं नाव घेतात. मी म्हणेन, आधी येसगीचा पूल ओलांडा. मांजरेच्या पलीकडे बोधन आहे, पुढे निजामाबाद आहे. अंतर थोडं, खर्च थोडा, काही चुकलं तर सावरता येतं. भाषा तेलुगू, पण ती बिलोलीला कुठं परकी आहे? आपल्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच दुकानात चालतात. पुण्याच्या मंडळाला दुभाषा शोधावा लागेल, आपल्याकडे तो प्रत्येक घरात बसलेला आहे. नदी एकच असल्यामुळे पक्ष्यांच्या याद्याही जुळवता येतील. त्यांनी पलीकडून मोजायचं, आपण अलीकडून.

आणि एक अट. पाहुणे गाडीत बसायच्या आधी परतीच्या भेटीची तारीख ठरली पाहिजे. “कळवतो”, “बघू” यावर सोडलंत की संपलं. सप्ताहाचा पहारा टिकला तो याच जोरावर.

5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारीख सालिम अलींचा. एखाद्या मंडळाला पाहुणे बोलवायचे असतील, तर पत्र त्या आठवड्यात जायला हवं, म्हणजे जानेवारीपर्यंत दोन महिने हाताशी राहतात. तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावात पक्षी, भजन, सायकल, कॅमेरा, जो काही छंद असेल त्याची चार माणसं या रविवारी वाचनालयात एकत्र बसवा, वहिनींना विचारून सहा घरांची नावं कागदावर लिहा, आणि पत्र टाका.