बोलकी मावशी आणि अबोल मामा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. लोणच्यांवर बोलले असते तर बरे झाले असते, असे कित्येकींना वाटेल. पण विषय मी आजोळचा घेतला आहे.

सालेकसा तालुक्यात माझी एक मावशी आहे. कावळा ओरडला की तो आपल्यालाच निरोप सांगतो, चारजणी हसल्या की त्या आपल्यालाच हसतात, असे तिला वाटे. बायका पाठीमागे तिला ‘करणीवाली’ म्हणत. पुढे शेजारचे मूल आजारी पडले, तेव्हा तोंडावर म्हणू लागल्या. तिला विहिरीवर जाण्याची चोरी झाली. त्याच घरात तिचा सख्खा भाऊ, माझा मामा. त्याला मित्र नाही, हसू नाही, रडू नाही; भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. त्याला मात्र सारे ‘साधा माणूस’ म्हणत.

अशा स्वभावलक्षणांना मानसशास्त्रात ‘स्किझोटायपल’ म्हणतात. १९९१ साली एड्रियन रेन यांनी ती मोजण्यासाठी ७४ ‘हो-नाही’ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. अशा अभ्यासांत पुष्कळदा असे आढळले की, शकुनांवर व अदृश्य शक्तींवर विश्वास आणि चारचौघांतली भीती बायकांत थोडी अधिक. भावना न दिसणे, जवळचे कोणी नसणे, विक्षिप्त वागणे पुरुषांत थोडे अधिक. यातला ‘थोडे’ हा शब्द विसरू नका! शिवाय लक्षण म्हणजे आजार नव्हे. कचारगडच्या यात्रेला सारा समाज श्रद्धेने जातो. तशी श्रद्धा डॉक्टर यात धरीत नाहीत.

मला खुपते ते निराळेच. बाईचे वेगळेपण तिच्या बोलण्यातून बाहेर पडते, म्हणून तिच्यावर आळ येतो. पुरुषाचे मुकेपण कोणाला खुपतच नाही. स्किझोफ्रेनिया पुरुषांत सरासरीने काही वर्षे लवकर सुरू होतो, आणि घरचे म्हणतात, ‘स्वभावच तसा!’ आमच्या मामाला आवाज ऐकू येतात हे आम्हाला कळले, तोवर सात वर्षे लोटली होती. त्या सात वर्षांत आम्ही गप्पा मारल्या त्या मावशीच्या करणीच्या. मीही मारल्या.

बाईला करणीवाली ठरवून छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनाच्या दुखण्यासाठी २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे. तो आपल्या दारामागे लिहून ठेवा.

मामाच्या गोळ्यांची वेळ आता मावशीच सांभाळते. कावळा ओरडला की ती अजूनही थबकते. मग मामा विचारतो, “काय म्हणतो गं?”