अनोळखी खर्चाची नोंद आणि आपले कर्तव्य
(समाजाच्या वार्षिक संमेलनात कोरपना येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च, शेती अशा विषयांवर विचार मांडले जातात. यंदा कार्यकारी मंडळाने मजकडे जो विषय सोपविला आहे, तो ऐकून काही वडीलधाऱ्यांस नवल वाटले असेल. क्रेडिट कार्डावर आपण न केलेला खर्च लागला तर काय करावे, हा तो विषय होय. हा तर शहरातल्या लोकांचा प्रश्न, कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या तालुक्यास त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु आज गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नांदा या भागांतील सिमेंट कारखान्यांत आपल्या समाजाची कितीतरी मुले नोकरीस आहेत. पगार बँकेत जमा होतो आणि त्यापाठोपाठ कार्ड घरी येते. नागपूर-पुण्यास शिकणारी मुले पुस्तके, कपडे, रेल्वेची तिकिटे मोबाइलवरूनच घेतात. शेतकऱ्यासाठी १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड तर आपल्या घराघरांत आहे. तेव्हा हा प्रश्न उंबरठ्याच्या आत येऊन बसलेला आहे.

प्रथम कार्ड म्हणजे काय, याचा विचार करू. १९५० साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लबने उपाहारगृहातील देणे महिन्याच्या अखेरीस एकदम फेडण्याची जी सोय काढली, तीतून आजचे क्रेडिट कार्ड वाढीस लागले. आपल्याकडे किराणा दुकानदाराच्या वहीवर महिन्याचे खाते चालते, त्याचेच हे रूप समजा. भेद एवढाच की, दुकानदार आपल्यास चेहऱ्याने ओळखतो आणि यंत्र केवळ अंक ओळखते. कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत, पाठीवरील तीन अंक आणि मोबाइलवर येणारा एका वेळेपुरता सांकेतिक क्रमांक, ज्यास ओटीपी म्हणतात, एवढे ज्याच्या हाती लागले, त्यास यंत्र आपणच समजते.

भारतात घरबसल्या कार्डाने पैसे भरताना ही जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ साली आवश्यक केली. परदेशातील अनेक दुकानांत मात्र ती मागितली जात नाही, आणि पुष्कळ अनोळखी नोंदी याच वाटेने येतात. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, नवे कार्ड देताना ते देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र यांपुरतेच चालू असावे, आणि ऑनलाइन व परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावे. ही कळ बँकेच्या मोबाइल अॅपमध्ये असते. ज्यास परदेशी खरेदी करावयाची नाही, त्याने ते दार बंद ठेवावे आणि देशातील खर्चासही मर्यादा घालावी. रात्री गोठ्याची आगळ लावावयास आपण विसरत नाही, तद्वतच हे आहे.

तरीही चोरी होते, आणि ती नेहमी ग्राहकाच्या चुकीनेच होते असे नव्हे. याचा दाखला दूर शोधावयास नको. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोरांनी ऑगस्ट २०१८ मध्ये शिरकाव केला आणि बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले. दोन दिवसांच्या व्यवहारांत चौऱ्याण्णव कोटींहून अधिक रक्कम गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या व्यवहारांतील साडेतीन कोटींहून अधिक रक्कम अशाच रीतीने भलत्या खात्यांत वळविली गेली. या प्रकारांत कोणा खातेदाराने दार उघडे टाकले होते काय? मग ज्याच्या कार्डावर अनोळखी नोंद आली, त्यास ‘तूच काहीतरी केले असशील’ असे म्हणण्याची घाई आपण का करावी?

माझ्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा हाच आहे. पैसा गेल्याचे दुःख मोठे खरे, पण आपल्याकडे त्याहून मोठी असते ती लाज. मुलगा वडिलांस सांगत नाही, सून सासूस सांगत नाही, शिक्षक असलेला गृहस्थ शेजाऱ्यास सांगत नाही. ‘लोक हसतील’ या एका भीतीपायी चार दिवस जातात, आठ दिवस जातात. चोरास याहून मोठे साहाय्य कोणते? कारण या बाबतीत कायदा दिवस मोजतो.

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढून ग्राहकाचे दायित्व ठरवून दिले. त्याचा सारांश असा. बँकेच्याच दोषाने किंवा हलगर्जीपणाने पैसे गेले, तर ग्राहकावर काहीही बोजा नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मध्येच कोठेतरी यंत्रणेत चोरी झाली, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर काहीही बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डास जास्तीत जास्त दहा हजार आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डास जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये सोसावे लागतील. सात दिवसांनंतर मात्र ज्या त्या बँकेच्या धोरणावर सारे अवलंबून. ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत प्रकरणाचा निकाल लावावा. तसेच ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असा आदेश देण्यात आला. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून चालू नियम आपल्या शाखेत विचारून घ्यावेत. परंतु त्यामागील तत्त्व कायम आहे: जो लवकर बोलेल, त्याचे नुकसान कमी.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, कार्ड तत्काळ बंद करावे. बँकेच्या अॅपवरून ते होते, नाहीतर कार्डाच्या पाठीवरील क्रमांकावर दूरध्वनी करावा. कार्डच हरवले तर तो क्रमांक कोठून मिळणार? म्हणून आजच घरी गेल्यावर तो भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मात्र इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर विसंबू नये, कारण तेथे चोरांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात.

दुसरी गोष्ट, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात धावत असतो आणि वेळीच वर्दी मिळाल्यास तो वाटेतच अडविता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार देता येते. पोलीस ठाण्यात जावयाचे झाल्यास हद्दीचा प्रश्न आड येऊ नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोठेही घडला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते.

तिसरी गोष्ट, बँकेस लेखी कळवावे. कोणत्या तारखेची, किती रुपयांची, कोणाच्या नावाची नोंद आपणास मान्य नाही, हे स्पष्ट लिहावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. तोंडी बोलणे हवेत विरते, कागद राहतो. उरलेले, म्हणजे आपण खरोखर केलेल्या खर्चाचे, पैसे मुदतीत भरावेत. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत कोणताही आकार लावू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी सांगितले.

चौथी गोष्ट, बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यास शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही.

आणि या साऱ्यांच्या आधीची गोष्ट म्हणजे महिन्याचे विवरणपत्र वाचणे. चोर पुष्कळदा प्रथम दहा-वीस रुपयांची नोंद टाकून कार्ड चालते की नाही ते पाहतो. त्या लहान नोंदीकडे ज्याने दुर्लक्ष केले, त्याच्याकडे तो मोठ्या रकमेसाठी पुन्हा येतो. मोबाइलचा क्रमांक बदलल्यास बँकेस तेव्हाच कळवावे, नाहीतर सूचनेचा संदेश भलत्याकडे जाईल.

‘मी स्वतःच अंक सांगितला, आता माझे कोण ऐकणार?’ असे म्हणून जे हात टेकतात, त्यांना २०१३ सालचे एक प्रकरण सांगतो. पुण्यातील एका व्यावसायिकाने बनावट ई-पत्रास उत्तर दिले आणि त्याच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ऐंशी लाखांवर रक्कम गेली. प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांपुढे चालले. ग्राहकाची चूक होती, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु पैसे ज्या खात्यांत गेले, ती बनावट खाती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती, म्हणून बँकेने पंचेचाळीस लाख रुपये द्यावेत असा त्यांनी निर्णय दिला. चूक झालेल्या माणसासही न्याय मागण्याचा अधिकार आहे, एवढे यावरून दिसते.

आता एक कटू गोष्ट बोलतो आणि ती तरुणांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. २००५ साली पुण्यातील एका सेवाकेंद्रात काम करणाऱ्या शिकलेल्या मुलांनी अमेरिकेतील सिटी बँकेच्या चार ग्राहकांचे गुप्त अंक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळविले. त्या वेळी लुबाडले गेलेले लोक न्यूयॉर्ककडचे होते आणि पैसे घेणारी खाती आपल्या महाराष्ट्रातली होती. चोरी कोठेही होवो, पैसा अखेर कोणाच्या तरी खात्यातूनच बाहेर पडतो. आज खेड्यापाड्यांतील बेकार मुलास कोणी म्हणतो, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड थोडे दिवस मला वापरू दे, तुला दोन-पाच हजार मिळतील.’ मुलास वाटते, यात माझे काय गेले? अरे बाबा, एखाद्या विधवेची ठेव, एखाद्या मजुराचा भविष्यनिर्वाह निधी तुझ्या नावावरून जातो आणि पोलीस प्रथम येतात ते तुझ्या दारी! दुसऱ्याची ओळख वापरून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, आणि खाते भाड्याने देणारा स्वतःस निर्दोष म्हणवू शकत नाही.

अशा वेळी समाजाने काय करावे? ‘आपला मुलगा आहे, सांभाळून घ्या’ असे म्हणून ठाणेदाराकडे रदबदली करावयास जावे काय? मला वाटते, नाही. लुबाडला गेलेला मनुष्य कोणत्याही जातीचा असो, त्याचे अश्रू सारखेच खारट असतात. समाजसंघटनेचा अर्थ आपल्या माणसाच्या पापावर पांघरूण घालणे असा नसून, त्यास पापाच्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वीच अडविणे असा आहे. जी लाज आपण फसविल्या गेलेल्यास वाटावयास लावतो, ती फसविणाऱ्याच्या वाट्यास गेली पाहिजे.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवून माझे भाषण संपवितो. आपल्या प्रत्येक मोठ्या गावी मोबाइल आणि बँकेचा व्यवहार जाणणारा एक तरुण व एक तरुणी मंडळाने नेमावी. कोणाच्या कार्डावर अनोळखी नोंद आली, तर त्यांनी त्याच दिवशी सोबत बसून दूरध्वनी व अर्ज करून द्यावा. मात्र कोणाचाही गुप्त अंक त्यांनीदेखील विचारू नये. दुसरी सूचना अशी की, या स्मरणिकेत सभासद कुटुंबांच्या यादीसोबत १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत छापावा, म्हणजे गरजेच्या वेळी तो हाताशी राहील.

कुटुंबप्रमुखांस एकच विनंती आहे. घरातील मुलाने किंवा सुनेने ‘माझ्या कार्डावरून पैसे गेले’ असे सांगितले, तर रागावणे दुसऱ्या दिवसावर ढकला आणि दूरध्वनी आधी करा. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!