तोच प्रश्न पुन्हा नको



आज मी एकच विषय घेतो. तळहातावर मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या संगणकावर इंटरप्रिटरच्या भाषेतला प्रोग्रॅम वेगाने कसा चालवावा?

कंपायलर अख्खा ग्रंथ आधीच भाषांतरित करून ठेवतो. इंटरप्रिटर हा शेजारी बसलेला दुभाषी. तो एकेक आज्ञा यंत्राला समजावतो, म्हणून वेळ अधिक लागतो. पण मुलीने एक ओळ बदलली की पुढच्या क्षणी दिवा लुकलुकताना तिला दिसतो. शिकणाऱ्याचे मन याच क्षणी विषयाला चिकटते. म्हणून दुभाष्याला घालवू नये, त्याचे ओझे हलके करावे, असे माझे ठाम मत आहे.

हे काम जुने आहे. १९८१ साली इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो हा संगणक आला. त्याचा ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्‌झचा आणि मॉडेल बीची मेमरी ३२ किलोबाइट. सोफी विल्सन यांनी त्यासाठी लिहिलेला बेसिक भाषेचा इंटरप्रिटर वेगासाठी नावाजला गेला. त्यात ए ते झेड या अक्षरांपुढे टक्क्याचे चिन्ह दिले, की ते २६ पूर्णांक मेमरीत ठरलेल्या जागी राहत. त्यांना शोधत फिरावे लागत नसे. ‘गोटू’ म्हटले की इंटरप्रिटर ओळीचा क्रमांक शोधायला पहिल्या ओळीपासून निघे. ‘फॉर-नेक्स्ट’मध्ये मात्र परतीची जागा त्याने जपून ठेवलेली असे. १९८४-८५मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून हेच संगणक भारतातल्या शाळांत आले. पुढे विल्सन यांनी आर्म प्रोसेसरचा आज्ञासंच आखला आणि त्याची पारख बीबीसी बेसिकमध्येच केली. १९८५ साली पहिली आर्म चिप चालू झाली. नीट घडवलेल्या इंटरप्रिटरवर एवढे मोठे काम उभे राहिले, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

त्याच आर्म कुळातली चिप आज रास्पबेरी पाय पिकोवर आहे. २०२१ साली आलेल्या या पट्टीवर १३३ मेगाहर्ट्‌झचे दोन कोअर आणि २६४ किलोबाइट मेमरी आहे. तिच्यावर आपली मुले मायक्रोपायथन लिहितात. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ साली लोकवर्गणीतून पुढे आणलेली ही भाषा. तिच्यात वेळ कुठे जातो ते पाहू.

लूपमध्ये ग्लोबल नाव वापरले, तर दर फेरीला इंटरप्रिटर ते नाव कोशात शोधतो. तेच लूपआधी फंक्शनच्या लोकल नावात घेतले, तर त्याची जागा ठरलेली असते. हजार फेऱ्यांचे हजार शोध वाचतात. कधीच न बदलणारा आकडा ‘कॉन्स्ट’ म्हणून जाहीर केला, तर त्याची किंमत कंपाइल होतानाच जागेवर बसते. छोटा पूर्णांक स्वस्त असतो; दशांश अपूर्णांकाची आकडेमोड पिकोच्या चिपला सॉफ्टवेअरने करावी लागते, शिवाय प्रत्येक उत्तरासाठी मेमरीत नवी जागा लागते. मेमरी भरली की सफाई निघते आणि प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थबकतो. म्हणून सेन्सरच्या नोंदींसाठी एकच बफर आधी बांधावा आणि तोच पुन्हा पुन्हा भरावा. एवढ्यानेही भागले नाही, तर नेमक्या त्या फंक्शनवर ‘नेटिव्ह’ची खूण करावी. वेग साधारण दुप्पट होतो, मात्र जागा जास्त लागते. ‘व्हायपर’ त्याहून चपळ आहे, पण त्यात पूर्णांक ३२ बिटांतच मावावे लागतात. ही जबाबदारी समजूनच ते वापरावे.

या सगळ्या युक्त्यांचे मूळ एकच आहे. एकदा मिळालेले उत्तर जपून ठेवावे. दुभाष्याला तोच प्रश्न पुन्हा विचारू नये. मात्र कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, हे अंदाजाने कळत नाही. आधी वेळ मोजावा, मग हात लावावा. माझी शिक्षकांना विनंती आहे, की प्रोग्रॅम ‘चालला’ म्हणून वही बंद करू नका. तो किती वेळात चालला, हेही मुलांना लिहायला लावा.

कारण इथे वेळ म्हणजे वीज आहे. शेताच्या बांधावर ओलावा मोजणारे यंत्र समजा दर मिनिटाला सहा सेकंद जागे राहते. तेच काम तीन सेकंदांत उरकले, तर जागेपणीचा विजेचा खर्च निम्म्यावर येतो. बॅटरी बदलायला चिखल तुडवत जाणाऱ्या माणसाच्या खेपा कमी होतात. आपल्या चार ओळींच्या काळजीचा लाभ त्याच्या पायांना होतो.

मित्रहो, या अधिवेशनातून जाताना प्रत्येकाने एक काम घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. आपला एक संथ प्रोग्रॅम निवडा, मोजा, सुधारा, पुन्हा मोजा आणि ती हकिकत साध्या मराठीत लिहा. तुमच्यापैकी एकाला सापडलेले उत्तर दुसऱ्या तालुक्यातल्या मुलीला नव्याने शोधावे लागू नये. जे आपण इंटरप्रिटरसाठी करतो, ते एकमेकांसाठीही करू या.