‘ए’ की ‘ॲन’?



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. त्यामुळे ‘ए’ की ‘ॲन’, हा प्रश्न प्राथमिक शिक्षकाच्या नित्य परिचयाचा झाला आहे.

‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ॲन’ असा नियम आपण फळ्यावर लिहितो. तो सोपा आहे, परंतु अपुरा आहे. हा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. तास या अर्थाच्या ‘अवर’ शब्दात आरंभी ‘एच’ लिहितात, पण उच्चारीत नाहीत. म्हणून ‘ॲन अवर’. उलट ‘युनिव्हर्सिटी’चे आद्याक्षर स्वर असले, तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’. आमदार हा ‘ॲन एमेले’, कारण ‘एम’चा उच्चार ‘ए’ने सुरू होतो.

मूळ रूप ‘ॲन’च होय. ‘एक’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून ते आले व व्यंजनापूर्वी त्यातील ‘न’ गळून ‘ए’ उरला. या जोडीची फोड चुकल्यामुळेच पूर्वीच्या ‘ए नॅप्रन’चे पुढे ‘ॲन ॲप्रन’ झाले!

आपली देवनागरी उच्चारानुसारी आहे. ‘अवर’ व ‘युनिव्हर्सिटी’ हे शब्द तिच्यात लिहिताच आरंभीचे ‘अ’ आणि ‘यु’ मुलांना स्पष्ट दिसतात. म्हणून शब्द प्रथम मोठ्याने म्हणवून घ्यावा, नियम मागाहून सांगावा. कानाने अचूक उत्तर देणारे मूल आपल्या अपुऱ्या नियमापायी चुकीचे ठरू नये, एवढीच विनंती.