कानामागची वीज

एक माणूस पाय जुळवून, डोळे मिटून उभा आहे. दोन्ही कानांमागच्या हाडांवर एकेक इलेक्ट्रोड चिकटवलाय. आता फक्त एक मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा. त्वचेला थोडं चुणचुणतं, आणि बघता बघता तो माणूस झुकतो. धन टोक उजवीकडे असेल, तर उजवीकडे. त्याला मान डावीकडे वळवायला सांगा, म्हणजे उजवा कान समोर येतो. प्रवाह तोच, पण आता तो पुढे झुकतो! मला तर हा शरीरशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

का होतं असं? आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्या टिपतात. शिवाय दोन-दोन पिशव्या, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक. डोक्याचा कल त्यांना कळतो. इथून मेंदूकडे जाणारी नस कधीच गप्प नसते. माकडांत मोजलं, तर डोकं स्थिर असतानाही एकेका तंतूतून सेकंदाला सरासरी ९० च्या आसपास स्पंदनं जातात. डोकं उजवीकडे वळलं की उजवीकडची वाढतात, डावीकडची घटतात. मेंदू हा फरक वाचतो.

वीज नेमका हाच फरक घडवते. ऋण टोकाकडची स्पंदनं वाढतात, धन टोकाकडची कमी होतात. मेंदूला वाटतं, आपण ऋण बाजूला कललो. म्हणून तो शरीराला उलट दिशेला ओढतो. बघणाऱ्याला वाटतं याचा तोल गेला. खरं तर तो बिचारा तोल सावरत असतो, न गेलेला तोल!

कानाला वीज लावणं नवं नाही. व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली आपल्या नव्या बॅटरीच्या तारा स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या होत्या. डोक्याला हिसका बसला, काहीतरी खदखदल्यासारखा आवाज आला, आणि त्याने तो नाद सोडला. तुम्हीही घरी असलं काही करू नका, हे कळकळीने सांगतो.

आता ज्यांच्या कानातली ही यंत्रणाच निकामी झाली, त्यांचं काय? आपल्याकडे क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली. त्यांनी असंख्य जीव वाचवले, पण काहींच्या आतल्या कानातल्या, हालचाल टिपणाऱ्या केसपेशी मारल्या. जेंटामायसिन हे प्रतिजैविकही तेच करू शकतं. असा माणूस चालायला लागला की दुकानाची पाटी डोळ्यांपुढे उड्या मारते, वाचता येत नाही. अंधारात पाऊल टाकायची भीती वाटते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. नस मात्र बऱ्याचदा जिवंत असते, आणि सगळी आशा तिच्यावरच आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अशा आठ जणांच्या एकेका कानात इलेक्ट्रोड बसवले. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. डोक्यावरचा जायरोस्कोप हालचाल मोजतो आणि त्यानुसार नसेला विजेचे ठोके मिळतात. डोकं स्थिर असतानाही ठोके चालूच ठेवावे लागतात. ते वाढले किंवा घटले, तरच मेंदूला वळण कळतं. या मंडळींचा तोल सुधारला, चाल सुधारली. काहींचं त्या कानाचं ऐकणं मात्र बरंच कमी झालं. ऐकणं न गमावता तोल कसा परत द्यायचा, यावर आता काम चालू आहे.