तळघरात लढलेली लढाई

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



मंदिराच्या कळसाला सारेच हात जोडतात. पायातला चिरा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अमेरिकेच्या युद्धेतिहासाचा विषय निघाला की आयसेनहॉवर, मॅकआर्थर, पॅटन ही नावे आपल्या ओठांवर येतात. आज मी आपणासमोर एका पायातल्या चिऱ्याचे नाव ठेवणार आहे: कमांडर जोसेफ रोशफोर्ट.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेच्या आरमाराला जबर तडाखा बसला. त्याच तळावरील एका कचेरीच्या तळघरात रोशफोर्ट आणि त्यांचे सहकारी जपानी नौदलाची सांकेतिक लिपी उलगडण्यासाठी झटत होते. रोशफोर्ट १९१८ साली साधे खलाशी म्हणून नौदलात आले. नौदल अकादमीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती; मात्र तीन वर्षे जपानात राहून त्यांनी ती भाषा आत्मसात केली होती. तळघरात गारठा असे, म्हणून गणवेशावर घरगुती कोट चढवून आणि पायांत सपाता घालून हा अधिकारी अहोरात्र काम करी. माणसे अपुरी होती. तेव्हा हल्ल्यात बुडालेल्या 'कॅलिफोर्निया' युद्धनौकेवरील बॅण्डपथकाचे वादक तेथे पंचकार्ड यंत्रे चालवू लागले.

१९४२ च्या मे महिन्यात जपानी संदेशांत 'एएफ' या ठिकाणावरील मोठ्या मोहिमेचा उल्लेख वारंवार येऊ लागला. 'एएफ' म्हणजे मिडवे बेट, असा रोशफोर्ट यांचा निष्कर्ष होता. वॉशिंग्टनमधील वरिष्ठ कार्यालयाला तो पटेना. तेव्हा जॅस्पर होम्स या सहकाऱ्याने एक युक्ती सुचविली. समुद्रतळाच्या तारेवरून मिडवेला गुप्त सूचना गेली आणि तेथून उघड भाषेत बिनतारी संदेश निघाला : खारे पाणी गोडे करणारे यंत्र बिघडले आहे. लवकरच जपानी संदेश हाती आला : 'एएफ'वर पाण्याची टंचाई आहे!

ॲडमिरल निमिट्झ यांनी या निष्कर्षावर भिस्त ठेवली. 'यॉर्कटाउन' ही विमानवाहू नौका कोरल समुद्रातील लढाईत घायाळ होऊन परतली होती. गोदी कामगारांनी तिची तातडीची दुरुस्ती अवघ्या तीन दिवसांत उरकली. ४ जून १९४२ रोजी लढाईला तोंड फुटले आणि जपानने आकागी, कागा, सोर्यू व हिर्यू या चार विमानवाहू नौका गमावल्या. 'यॉर्कटाउन'लाही जलसमाधी मिळाली. परंतु युद्धाचे पारडे फिरले.

आणि रोशफोर्ट? निमिट्झ यांनी त्यांच्यासाठी विशिष्ट सेवा पदकाची शिफारस केली. ती वॉशिंग्टनमध्ये फेटाळली गेली. हाताशी असलेल्या साधनांचा त्यांनी नीट उपयोग केला, एवढेच त्यांचे कर्तृत्व मानण्यात आले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना पर्ल हार्बरहून परत बोलावण्यात आले. जपानी मनाचा ठाव घेणारा हा माणूस पुढे एका तरत्या गोदीचा अधिकारी झाला!

बंधूंनो, येथे क्षणभर थांबावे. पदक नाकारले गेले, हा एका व्यक्तीवरील अन्याय होता. परंतु युद्ध ऐन रंगात असताना असा माणूस त्याच्या कामापासून दूर केला गेला, ही राष्ट्राची हानी होती. श्रेयाचा मोह शत्रूच्या तोफेइतकाच घातक ठरतो, तो असा.

रोशफोर्ट यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. निमिट्झ यांनी १९५८ साली पुन्हा शिफारस केली. तीही व्यर्थ गेली. १९७६ साली रोशफोर्ट निवर्तले. त्यांच्या हाताखाली काम केलेले शॉवर्स यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. अखेर १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या हस्ते ते पदक रोशफोर्ट यांच्या कुटुंबीयांना प्रदान करण्यात आले. लढाईला तेव्हा ४४ वर्षे लोटली होती.

प्रसिद्धीपासून दूर राहणे हे कार्यकर्त्याचे भूषण आहे. मात्र त्याचे कार्य विस्मृतीत जाऊ देणे हे समाजाचे भूषण नव्हे. रोशफोर्ट यांच्याकडून मौन शिकावे आणि शॉवर्स यांच्याकडून कृतज्ञता. कार्यकर्त्याला दोन्ही हवीत.