पावलाला आधार, मुलाला वाट



हीरक महोत्सवात गुणवंतांचा गौरव होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत चालत जाणे हीच ज्याची दररोजची परीक्षा असते, अशा बालकाचेही स्मरण या प्रसंगी व्हावे.

सेरेब्रल पाल्सी हा पायांचा रोग नव्हे. जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतरच्या आरंभकाळात विकसनशील मेंदूला झालेली ती इजा होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी तिचे सविस्तर वर्णन केले; ते स्वतः बालपणापासून एका पायाने अधू होते. ही इजा वाढत नाही. मूल मात्र वाढते. हाडे लांबतात, पण ताठर स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत. पोटरी आखडते, टाच उचललेली राहते आणि मूल चवड्यांवर चालू लागते.

येथे ब्रेस उपयोगी पडतो. घोटा व पाऊल धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा हा साचा बुटाच्या आत बसतो. त्यामुळे टाच आधी टेकते, पाऊल पुढे टाकताना बोटे जमिनीला अडखळत नाहीत आणि पावलातील अंतर बहुधा वाढते. काही ब्रेस घोटा घट्ट धरतात, तर काहींना बिजागरी असते. गुडघे वाकवून चालणाऱ्या मुलास नडगीला पुढून आधार देणारा ब्रेस लागू शकतो. म्हणून एकाचा ब्रेस दुसऱ्याला चालत नाही.

मात्र ब्रेस म्हणजे चमत्कार नव्हे. तो मेंदूची इजा भरून काढत नाही. घट्ट ब्रेसमध्ये पोटरीचा रेटा कमी होतो. मांडी घालून बसणे, जिना चढणे अवघड जाते. व्यायामाची जागाही तो घेत नाही. ब्रेस काढल्यावर त्वचेवरील लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर तो दुरुस्त करून घ्यावा. मूल वाढले की ब्रेसही बदलावा लागतो. लहान झालेला ब्रेस आधार न देता इजा करतो.

चाल देखणी व्हावी, हे ब्रेसचे अंतिम प्रयोजन नाही. मूल वर्गात पोहोचल्यावर लिहिण्यासाठी त्याच्या अंगी शक्ती उरावी, हे आहे. ते साधणे केवळ ब्रेसच्या हाती नाही. वर्ग तळमजल्यावर भरणे, जिन्याला कठडा असणे, जमिनीऐवजी बाक मिळणे, मधल्या सुट्टीत सवंगड्यांनी थोडे थांबणे, हेही आधारच आहेत. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सेरेब्रल पाल्सीची स्वतंत्र नोंद घेतली आणि अशा सोयी पुरवण्याचे दायित्व शिक्षणसंस्थांवर सोपवले. तेव्हा ही दया नव्हे, मुलाचा हक्क आहे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला स्मरणचिन्ह अवश्य द्यावे. त्याबरोबर एखादा उतरता मार्गही द्यावा. ज्या शाळेत सर्वांत सावकाश चालणारे मूल वेळेवर वर्गात पोहोचते, तिची वाटचाल खऱ्या अर्थाने पुढे झाली असे म्हणावे.